कडवा वाल : पोषण आणि बियाण्याची शुद्धता



ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत बिरड्यासाठी वाल घेताना गिऱ्हाईक 'गावठी कडवे आहेत का?' असे आधी विचारते. टपोरा वाल दिसायला चांगला, पण बिरड्याला लहान दाण्याच्या कडव्या वालाची सर त्याला येत नाही. ही चव वाणाच्या अंगची आहे. मुरबाड-शहापूरकडे भात कापणीनंतर अंगओलाव्यावर वाल घेणाऱ्यांच्या घरचे बियाणे भेसळले, तर चव गेली आणि तिच्यापोटी मिळणारा भावही गेला.

प्रथम पोषणाचे पाहू. १०० ग्रॅम सुक्या वालात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तांदळात जेमतेम ७. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसीन कमी व मेथिओनीन बरे, तर वालात नेमके उलट. म्हणून भात आणि बिरडे एका ताटात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मोड आणल्याने प्रथिने वाढतात असे पुष्कळजण सांगतात, ते बरोबर नाही. मोडामुळे 'क' जीवनसत्त्व वाढते आणि लोह, जस्त अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. कच्च्या वालात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. त्यासाठी भिजवलेले पाणी टाकून द्यावे व वाल पुरता शिजवावा.

आता बियाण्याकडे वळू. वालाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तरीही भुंगे आणि मधमाश्या थोडेफार परपरागीकरण करतात, आणि भेसळ होते ती इथेच. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या वालांचा संकर झाला, तर पहिल्या पिढीत सर्व झाडे जांभळ्या फुलांची येतात. पुढच्या पिढीत साधारण तीनास एक या प्रमाणात पांढरी फुले पुन्हा दिसतात. मेंडेलने १८६६ साली वाटाण्याविषयी प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. याचा शेतात उपयोग असा : तुमचा वाण पांढऱ्या फुलांचा असेल, तर जांभळे फूल दिसताच ते झाड उपटा, भेसळ त्याच हंगामात पकडता येते. वाण जांभळ्या फुलांचा असेल, तर संकर झालेले झाड वर्षभर लपून राहते. अशा शेतकऱ्याने शेजारच्या वेगळ्या वालापासून बियाण्याचा तुकडा लांबच ठेवावा.

दाण्याचा आकार आणि उत्पन्न मात्र एका जनुकावर ठरत नाही. त्यामुळे खळ्यावरच्या राशीतून मोठे दाणे वेचून वाण सुधारत नाही. उलट कडव्या वालात मोठा दाणा हीच भेसळीची खूण असू शकते. निवड उभ्या पिकात, झाडाची करावी.

२०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी वालाच्या ११ गुणसूत्रांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. दोन दाण्यांच्या आणि चार दाण्यांच्या शेंगांचे वाल माणसाने वेगवेगळे माणसाळवले असावेत, असे त्यातून दिसले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण वाल १ व २ हे वाण आहेत. ते जरूर घ्या, पण गावठी वालाशेजारी नको.

बियाण्यासाठी तुकड्याच्या मधली, निरोगी, भरपूर शेंगांची झाडे फुलोऱ्यातच सुतळी बांधून राखावीत. फुलाचा रंग तेव्हाच तपासावा. पोपटीसाठी शेंगा तोडताना पोरांना या झाडांपासून दूर ठेवावे! शेंगा वाळल्यावर प्रत्येक झाडाचे दाणे वेगळे काढून पाहावेत. दाणा वेगळा दिसला, तर त्या झाडाचे सर्व बी खाण्यास काढावे. उरलेले कडक उन्हात वाळवून, राख लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.