घर बांधताना ठेकेदाराशी व्यवहार : एका कापड व्यापाऱ्याला मिळालेला धडा

मालेगावात कापडाचा व्यापार करताना माझी पन्नाशी उलटली. ताका हातात आला की मी भिंग लावून धागे मोजतो, पन्हा मापतो, वजन करतो आणि मगच भाव बोलतो. दहा हजारांच्या मालासाठी एवढी खबरदारी घेणाऱ्या माणसाने आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा, म्हणजे स्वतःचे घर, केवळ तोंडी बोलीवर केला. त्याची जी किंमत मोजली ती येथे लिहीत आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेक जण आज स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेत आहेत. त्यांच्या पैशाचे व नात्याचे नुकसान टळावे, एवढाच हेतू आहे.

तोंडी सौदा

२०१८ च्या नोव्हेंबरात काम सुरू झाले. ठेकेदार मोहल्ल्यातलेच, लग्नकार्यात येणे-जाणे असलेले. दर ठरला चौरस फुटाला १,३५० रुपये, साहित्यासह. बाहेरून २४ बाय ३२ फूट, म्हणजे ७६८ चौरस फूट. दोन मजल्यांचे १,५३६. हिशेब झाला २०,७३,६०० रुपये. लिहून घेण्याचा विषय मी काढला नाही. भरवसा नाही असे त्यांना वाटेल, हा संकोच होता.

दुसरे कारण सांगायला आजही लाज वाटते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. नकाशावरचे इंग्रजी शब्द मला कळले नाहीत आणि ते विचारण्याचे धाडस झाले नाही. इंजिनीयर साहेब बोट फिरवून समजावत गेले आणि मी मान हलवत गेलो. बांधवांनो, न समजता मान हलवणे हे न वाचता सही करण्यासारखेच आहे. नकाशा व अंदाजपत्रक आपल्याला कळेल त्या भाषेत समजून घ्या. त्यात कमीपणा नाही.

व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीच्या देण्याघेण्याविषयी हीच ताकीद देते. लेखी कराराने भरवसा कमी होत नाही. उलट दोघांच्या स्मरणशक्तीवरचा भार उतरतो.

मोजमापाचा वाद

अखेरच्या बिलात क्षेत्रफळ १,५३६ ऐवजी १,७५० चौरस फूट लागले. छज्जे, बाल्कनी आणि गच्चीवरची जिन्याची टोपी धरून २१४ चौरस फूट वाढले होते. १,३५० च्या दराने २,८८,९०० रुपये. ठेकेदार म्हणाले, ‘हीच रीत आहे.’ मी म्हणालो, ‘असे ठरले नव्हते.’ दोघांकडेही कागद नव्हता. अखेर मोहल्ल्यातील दोन बुजुर्ग बसले आणि निम्म्यावर, १,४४,४५० रुपयांवर, तोड निघाली. पैसे गेले ते गेलेच, पण पूर्वीसारखा सलाम-दुआ राहिला नाही.

म्हणून करारात दर लिहिण्यापूर्वी मोजण्याची पद्धत लिहा. छज्जा, बाल्कनी, जिना व टोपी मोजायची की नाही, मोजायची तर पूर्ण की अर्धी? पाण्याची टाकी, कंपाउंड, वायरिंग व नळाचे काम दरात आहे की वेगळे? सिमेंट, लोखंड, फरशी कोणत्या प्रतीची? जास्तीचे काम निघाले तर ते करण्यापूर्वी रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. योग्य मुद्रांकावर करार व दोन साक्षीदार असावेत.

पैसे कामाच्या पुढे गेले

पहिला स्लॅब २०१९ च्या जानेवारीत पडला तोवर मी १४ लाख देऊन बसलो होतो, म्हणजे दोन तृतीयांशहून अधिक. काम निम्मेही झाले नव्हते. माझी रक्कम दुसऱ्या जागेच्या कामात वळली आणि आमचे काम चार महिने बंद पडले. भाडे चालूच होते. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या खोलीतून अम्मींना गुडघ्यांमुळे खाली उतरता येईना.

त्या १४ लाखांत ६ लाख दुकानाचे भांडवल होते. रमजानच्या हंगामाची खरेदी त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये होती. रोख नसल्याने उधारीच्या चढ्या भावाने माल उचलावा लागला आणि हंगामाचा नफा त्यातच गेला. घराचा पैसा व दुकानाचा पैसा वेगळा ठेवा. घराच्या सिमेंट-लोखंडाची बिले दुकानाच्या नावावर घेऊन जीएसटीचे क्रेडिट मागणेही कायद्यात बसत नाही.

हप्ते कामाच्या मागे चालले पाहिजेत. एक सोयीची वाटणी अशी :

१) काम सुरू करताना १० टक्के
२) जोत्यापर्यंत काम झाल्यावर १५ टक्के
३) पहिल्या स्लॅबनंतर २० टक्के
४) दुसऱ्या स्लॅबनंतर २० टक्के
५) विटकामानंतर १० टक्के
६) प्लास्टरनंतर १० टक्के
७) फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर १० टक्के
८) एक पावसाळा काढल्यावर उरलेले ५ टक्के

शेवटचे ५ टक्के सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते मी राखले नव्हते.

मालाची पारख

पाया : आपल्याकडची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर न थांबवता खाली घट्ट मुरमापर्यंत न्यावा. खोली इंजिनीयरने ठरवावी.

लोखंड : सळईचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा व १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळेल. १२ मीटरच्या पूर्ण सळईचे वजन ८ मिमीला सुमारे ४.७ किलो, १० मिमीला ७.४, १२ मिमीला १०.७ व १६ मिमीला १९ किलो येते. वजनकाटा तर आपल्या दुकानातच असतो.

सिमेंट : तीन महिन्यांहून जुने पोते तपासल्याशिवाय वापरू नये. स्लॅबच्या नेहमीच्या एम-२० मिश्रणात एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असते. ५० किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटरपेक्षा अधिक पाणी नको. काम हलके जावे म्हणून मजूर पाणी वाढवतात. सायझिंगमध्ये खळ पातळ झाली की सूत मागावर तुटते, तसेच हे आहे. जास्तीचे पाणी उडून गेले की आत छिद्रे उरतात.

स्लॅबला पाणी

आमचा दुसरा स्लॅब २०१९ च्या जूनमध्ये, ईदच्या चार दिवस आधी पडला. मजूर ईदसाठी गावी गेले आणि मी दुकानाच्या गर्दीत अडकलो. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होती. स्लॅब जेमतेम तीन दिवस भिजला. पहिल्याच मोठ्या पावसात अम्मींच्या खोलीचे छत गळू लागले. वॉटरप्रूफिंगला ३८ हजार रुपये लागले आणि राखून ठेवलेली रक्कम नसल्याने ते मीच भरले. यात ठेकेदाराइतकीच माझीही चूक होती.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान १० दिवस सतत ओलावा हवा. १४ दिवस दिला तर उत्तम. आधाराचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांपूर्वी काढू नयेत. टँकरची सोय झाल्याशिवाय स्लॅबची तारीखच ठरवू नका.

कायदा कोठे उपयोगी पडतो

रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, जो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, तो बिल्डरच्या प्रकल्पातून फ्लॅट घेणाऱ्यासाठी आहे. तेथे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिला तर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे.

पण आपल्याच प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला हा कायदा कामी येत नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी ही ‘सेवा’ धरली गेली व २०१९ च्या नव्या कायद्यातही तसेच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तेथेही पहिला प्रश्न ‘करार व पावत्या कोठे आहेत’ हाच असतो.

कारागिराचीही बाजू

मी स्वतः दोनदा स्वयंपाकघराची भिंत हलवायला लावली आणि त्याचे पैसे देताना कुरकुर केली. घरमालक रोज मन बदलतो आणि गवंडी, सेंटरिंगवाला यांची मजुरी अडकते. आपले अनेक वाचक याच धंद्यात आहेत. त्यांनीही करार मागावा, कारण लेखी करार गवंड्याच्या घामाचेही रक्षण करतो.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही नव्या घरात आलो. अम्मींची खोली खालच्या मजल्यावर घेतली आणि त्या रोज ओट्यावर बसू लागल्या. गेल्या वर्षी धाकट्या भावाने घर काढले तेव्हा ठेकेदारासमोर कोरा कागद मीच ठेवला. ते हसून म्हणाले, ‘शेठ, हे बरे झाले, नंतर तोंड लपवायला नको.’ दोन पाने लिहायला आम्हाला एक तास लागला.