बॉट कोणाला म्हणायचं?

‘रोबोट’मधलं पहिलं अक्षर छाटलं की उरतो तो ‘बॉट’. याला पोलादी हातपाय नसतात, असतो तो फक्त प्रोग्रॅम. माणसाऐवजी मेसेज पाठवणारा, उत्तर देणारा, लाईक ठोकणारा. असा प्रोग्रॅम लिहिणं आता आपल्यापैकी कोणालाही जमतं. त्यामुळे तो कसा वागावा हा प्रश्नही आपल्याच गळ्यात येऊन पडला आहे.

मी निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि द्राक्षं. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी टेलिग्रामवर एक छोटा बॉट केला : लासलगाव बाजार समितीचे किमान, कमाल व सरासरी भाव रोज पाठवणारा. टेलिग्रामची एक पद्धत मला फार आवडली. तिथे बॉट तयार करताना त्याच्या युजरनेमच्या शेवटी ‘बॉट’ लावावं लागतं, म्हणजे आपण यंत्राशी बोलतोय हे समोरच्याला कळतं. आमचा वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. लिलाव बंद असेल त्या दिवशी काय पाठवायचं? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. अशा वेळी कालचाच आकडा पुन्हा गेला, तर एखादा ट्रॅक्टर भरून निघायचा! शेवटी ठरलं, की प्रत्येक भावासोबत तारीख जाईल आणि लिलाव नसेल तर ‘आज लिलाव नाही’ एवढंच जाईल. कोड चार ओळींचा, पण त्यावर आम्ही दोन दिवस भांडलो.

दुसऱ्या टोकाला आहेत ओळख लपवणारे बॉट. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी पैसे घेऊन बनावट फॉलोअर्स पुरवणारं रॅकेट उघडकीस आणलं. एका गायिकेच्या नावाने काढलेल्या खोट्या प्रोफाईलच्या तक्रारीवरून तो तपास सुरू झाला होता. या धंद्यात मजकूर खोटा असावाच लागत नाही, आकडा खोटा असला की झालं. जत्रेत जिथे गर्दी तिथेच आपण घुसतो ना, तसंच हे. गर्दीवरचा आपला विश्वासच इथे विकला जातो.

पण सगळं खापर बॉटवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या तीन संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० खऱ्या-खोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. गंमत पुढे आहे. बॉट गाळून पाहिले तरी निष्कर्ष बदलला नाही, कारण बॉट खरं आणि खोटं सारखंच पसरवत होते. खोट्याला झुकतं माप दिलं ते हाडामांसाच्या माणसांनी.

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर राईनपाड्याकडे पाहा. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरलं होतं, त्यात दोन वर्षांचं मूल होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून ते वाचले.

त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतला, पालकांना सावध करण्यासाठी केलेला. त्यात मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात आणि शेवटी परत आणून सोडतात. शेवट कापला, की झाला पुरावा तयार! कापणारा एकच असेल, पण पुढे ढकलणारे लाखो. बनावट खात्यावरून आला असता तर कोणी शंका तरी घेतली असती. इथे पाठवणारा मामा, मेव्हणा, नाहीतर शाळेतले सर. आलं की पाठव, आलं की पाठव. मध्ये ‘इफ’ नाही. आपल्या भाषेत याला प्रोग्रॅम म्हणायचा, तोही अर्धवट लिहिलेला.

व्हॉट्सअॅपने यावर इंजिनिअरचा उपाय काढला. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. तेव्हा एका ग्रुपात २५६ जण बसत, म्हणजे पाच ग्रुप धरले तरी एका बोटाने बाराशेच्या वर माणसं! एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल, असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. उपाय चांगलाच, पण आंधळा. एनक्रिप्शनमुळे आतला मजकूर कंपनीला दिसत नाही, ती फक्त उड्या मोजते. गारपिटीचा खरा इशारा आणि पोरं पळवण्याची अफवा, दोन्ही तिला सारखेच. ‘इफ’ लिहायचा तो पाठवणाऱ्यानेच.

आमच्या गावच्या ग्रुपवर एक काका आहेत. दर हंगामात गारांनी झोडपलेल्या द्राक्षबागेचा तोच जुना व्हिडिओ येतो, आणि दर वेळी ते एकच विचारतात, ‘‘कोणत्या गावचा? कधीचा?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘मलाही आलाय, म्हणून टाकला.’’ लोक वैतागतात, त्यांना सीआयडी म्हणतात. एकदा मार्चमध्ये भर दुपारी त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘‘आत्ता आमच्या शिवारात गारा पडतायत.’’ त्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही. सगळे खळ्यावरच्या कांद्यावर ताडपत्री टाकायला पळाले.