आठ गुंठे आणि २०७०

शंका : वडील भूमिगत खाणीत लोडर होते. आता निवडणुकीच्या सभांमधून ऐकतो, हवामानाच्या धोरणांनी कोळशाच्या नोकऱ्या खाल्ल्या. खरं आहे का? (राजुरा तालुक्यातील एक वाचक)

समाधान : वडिलांची जागा खाल्ली ती शॉवेल आणि डम्परनं. २००२-०३ मध्ये कोल इंडियाच्या पटावर सुमारे ५ लाख माणसं होती आणि वर्षाला २९ कोटी टन कोळसा निघत होता. २०२४-२५ मध्ये निघाला ७८ कोटी टन. पटावर उरली सव्वादोन लाखांच्या आसपास. मधल्या काळात, २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत, कोळसा 'बंद करू'ऐवजी 'कमी करू' असा शब्द घालून घ्यायला भारत अडून बसला होता. म्हणजे दिल्लीनं कोळशाची बाजूच घेतली. तरी माणसं घटलीच.

भूमिगत खाणीला लोडर लागायचा, ट्रॅमर लागायचा, छताला टेकू देणारा टिंबरमन लागायचा. खुल्या खाणीत वरची माती काढली की यंत्र थेट कोळशाला भिडतं. ही माती, खाणभागात जिला सगळे 'ओबी' म्हणतात, ती काढायचं काम आता बहुतेक ठेक्यावर असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणीच्या गेटवर मला एक डम्परचालक भेटला. नऊ वर्षं तोच रस्ता, तोच ढिगारा. खिशातल्या गेटपासवर मात्र ठेकेदाराचं नाव तिसऱ्यांदा बदललेलं. 'साहेब, मी जुना की नवा?' त्यानं विचारलं. कागदावर तो दर वेळी नवाच असतो.

सभेत हे कोणी सांगत नाही, कारण सांगणं कोणालाच परवडत नाही. ठेका कोणाला मिळतो हे व्यासपीठावरच्यांना ठाऊक असतं. युनियनचा जोर कायम कामगारांवर, आणि ते तर एकेक करून निवृत्त होताहेत. हवामान बिचारं सभेला येत नाही, म्हणून त्याच्या नावावर बिल फाडणं सोपं.

पण म्हणून हवामानाच्या धोरणांनी नोकऱ्या जाण्याचा धोका खोटा ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेत म्पुमालांगा प्रांतातलं कोमाटी वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या बदल्यात सौरऊर्जा, प्रशिक्षण, नवे उद्योग असं सगळं ठरलं होतं. जागतिक बँकेनं कर्जही मंजूर केलं. केंद्र आधी बंद पडलं, बाकीचं मागून रांगत आलं, आणि गावातली दुकानं मधल्या मध्ये बसली. आपल्याकडे हे करायची वेळ येईल तेव्हा त्या डम्परचालकाचं नाव कुठल्या यादीत असेल? कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी आहे, पेन्शन आहे. याच्याकडे गेटपास आहे.

शंका : कोळशावर स्वच्छ ऊर्जेसाठी उपकर होता ना? तो पैसा आमच्याकडे आला का? (वणी)

समाधान : होता. २०१० मध्ये टनामागे ५० रुपयांनी सुरू झाला, २०१६ पर्यंत ४०० वर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांची करातली तूट भरून द्यायला वळवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. खाणभागासाठी हा पैसा कधी राखून ठेवलेलाच नव्हता. तुमच्या हक्काचा पैसा म्हणजे २०१५च्या कायद्यातला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत मागा.

शंका : सातबारावर आमची ०.७३ हेक्टर जमीन आहे. संपादनात जाणार. दोन एकरांना एक नोकरी म्हणतात. मुलगा २२ वर्षांचा आहे. नोकरी धरावी की पैसे? आणि २०७० ला सगळं बंदच होणार असेल तर? (भद्रावती)

समाधान : दोन एकर म्हणजे ८० गुंठे. तुमचे भरतात ७२. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात इतरांची जमीन जोडून दोन एकर भरवता येतात आणि सगळ्यांनी मिळून एक नाव द्यायचं असतं. नोकरी नको असेल तर जमिनीच्या मोबदल्याशिवाय एकरी ५ लाखांच्या हिशेबानं तुमचे ९ लाख होतात. भाव आज काय आहे ते भूसंपादन कार्यालयातून लेखी घ्या.

आठ गुंठे चुलतभावाचे घेणार असाल तर त्याला काय द्यायचं ते आत्ताच स्टॅम्पपेपरवर लिहा. मी पाहिलेल्या भाऊबंदकीत नोकरी लागते त्या दिवशी पेढे वाटले जातात, आणि पहिल्या पगाराला बोलणं बंद होतं.

राहिला २०७०चा, म्हणजे भारतानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवलेल्या वर्षाचा प्रश्न. मुलगा साठीत निवृत्त होईल, म्हणजे अजून ३८ वर्षांनी. त्याच्या आधी कोळसा संपून ही खाण बंद पडण्याची शक्यता जास्त, कारण खुल्या खाणी इतकं क्वचितच जगतात. मग बदली होईल, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात. खाणीचं आयुष्य किती वर्षं धरलंय, हा आकडा मंजूर प्रकल्प अहवालात असतो. पर्यावरण परवानगीची जाहीर सुनावणी लागली की माईकवर पहिला प्रश्न तोच विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.