तहकूब सभा

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहतो. नावांची यादी आधीच भिंतीला लागलेली असते. माउली, मग ग्रामसभेची सतरंजी रिकामी का राहते?

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी तो लागतो. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे हवीत. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. आणि गोम इथेच आहे, तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही! मग दहाबारा जण बसतात, नि घरकुलाच्या यादीत नाव कुणाचे ते ठरते. पुढे वर्षभर पारावर आपली कुरकुर : 'आम्हांला विचारलं कुणी?' विचारलं होतं की, बाबा. नोटीस फळ्यावर होती.

रोजंदारीवर जाणाऱ्याचा रोज बुडतो, त्याला दोष देववत नाही. पण पहाटे काकड्याला उठणारे आपण दुपारी घरी असून जात नाही. महिलांची सभा आधी घ्यायची असते; तिकडे घरच्या बाईला 'जा' म्हणणारे किती?

येत्या एकादशीला भजन आटोपले की सभेची तारीख विचारून घ्या, नि पहाऱ्याच्या यादीशेजारी डकवा.