बदलत्या माथ्याची अंगठी

आपल्याकडील मध्यम स्थितीच्या घरात अंगठीचे आयुष्य बहुधा एकाच मार्गाने जाते. लग्नकार्यात आलेली अंगठी काही वर्षांनी जुन्या घडणीची वाटू लागते. मग तिची मोड होते, सोने मुशीत जाते आणि त्यातून नव्या घडणीची अंगठी तयार होते. या प्रत्येक फेरीत घट सोसावी लागते, घडणावळ पुन्हा मोजावी लागते आणि आजीच्या बोटातली अंगठी कायमची नाहीशी होते. वस्तुतः बदल हवा असतो तो फक्त वरच्या दर्शनी भागात. बोटाभोवतीचे वळे बदलण्याचे काहीच कारण नसते. तेव्हा वळे तेच ठेवून केवळ दर्शनी भाग बदलता येईल काय, आणि तसे करावयाचे झाल्यास अंगठीची रचना कशी करावी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

रूळ आणि ओतीव मूर्ती

या विचारास भिलाई हे गाव फार सोयीचे आहे. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा कारखाना म्हणून भिलाईचे नाव देशभर झाले. येथून निघणाऱ्या रुळाचा आडवा छेद ठरलेला असतो आणि दर मीटरला त्याचे वजनही ठरलेले असते. आज निघालेला रूळ मागच्या वर्षी निघालेल्या रुळाशेजारी ठेवला तर दोघांची तोंडे जुळतात. म्हणूनच दूरच्या एखाद्या मार्गावरील झिजलेला रूळ काढून तेथे दुसरा बसविता येतो. त्यासाठी सगळा मार्ग उखडावा लागत नाही.

याच छत्तीसगड राज्यात, बस्तरच्या कोंडागाव भागात, धातुकामाची अगदी वेगळी परंपरा नांदते. घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून हत्ती, घोडे, देवता आणि दिवे घडवितात. त्यावर मातीचे लेप देतात व साचा तापवितात. मेण वितळून त्याची जागा मोकळी होते आणि तेथे वितळलेले पितळ ओततात. धातू निवाला की साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू निघते आणि तिच्यासारखी तंतोतंत दुसरी वस्तू कधीच नसते. या ओतकामाला ढोकरा असे म्हणतात.

बदलत्या माथ्याच्या अंगठीला या दोन्ही पद्धतींची गरज आहे. तिचा एक भाग रुळासारखा ठराविक मापाचा असला पाहिजे, तर दुसरा भाग कारागिराच्या कल्पनेप्रमाणे हवा तसा असण्यास हरकत नाही. कोणता भाग कोणत्या शिस्तीत बसवावयाचा हे ठरविणे, यातच या रचनेचे मर्म आहे.

अंगठीचे तीन घटक

अशा अंगठीचे तीन घटक मानावेत: बोटाभोवतीचे वळे, वरचा माथा आणि या दोहोंना जोडणारा सांधा. नवशिका कारागीर आधी माथ्याची नक्षी काढतो आणि सांध्याचा विचार शेवटी करतो. त्याने हा क्रम उलटा केला पाहिजे, कारण माथे दहा झाले तरी सांधा एकच असावयाचा आहे.

ही कल्पना आपल्या दागिन्यांना परकी नाही. महाराष्ट्रातील पुतळीमाळ आणि छत्तीसगडातील रुपया माळ यांत प्रत्येक नाण्याला एकसारखी कडी असते. म्हणून पटवेकऱ्याला माळ नव्याने गाठविता येते, एखादे नाणे वाढविता वा कमी करता येते. कुडीची फिरकी हरवली तर सोनार दुसरी फिरकी देतो. त्यासाठी कुडी मोडावी लागत नाही. मात्र तो नवी फिरकी त्या एकाच कुडीला बेतून देतो. शेजारणीच्या कुडीला ती बसेलच असे नाही. कोणताही माथा कोणत्याही वळ्यावर बसावा असे वाटत असेल, तर हाताने बेतण्याऐवजी मापाने बेतण्याची सवय अंगी बाणवावी लागते.

यंत्रविद्येलाही ही सवय सहजी लागली नाही. १७८५ साली फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ या बंदूक कारागिराने अनेक चापांचे सुटे भाग एकत्र मिसळून, त्यांतून हाती येतील ते भाग उचलून चाप जुळवून दाखविले, तेव्हा पाहणाऱ्यांना ते नवल वाटले होते. पुढे १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी मळसूत्राच्या आट्यांची ठरीव मापे सुचविली, आणि एका कारखान्यातील खिळ्याला दुसऱ्या कारखान्यातील चाकी बसण्याचा मार्ग मोकळा झाला.

सांध्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार मळसूत्राचा. माथ्याच्या तळाला आट्यांची खुंटी असते व वळ्यावरील बैठकीत आट्यांचे छिद्र असते. २ मिलिमीटर व्यासाच्या प्रचलित मेट्रिक मळसूत्रात दोन आट्यांमधील अंतर ०.४ मिलिमीटर असते. म्हणजे २.४ मिलिमीटर लांबीची खुंटी पुरती बसावयास सहा फेरे लागतात. हा सांधा घट्ट बसतो. पण त्यात एक अडचण आहे. शेवटचा फेरा कोठे थांबेल हे आपल्या हाती नसते. माथा गोल फुलाचा असेल तर बिघडत नाही. परंतु मोर किंवा मासोळी असेल तर ती बोटावर तिरकी बसण्याचा संभव असतो. म्हणून मळसूत्राचा सांधा सर्व बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या माथ्यांसाठीच वापरावा.

दुसरा प्रकार दाबून फिरविण्याचा. विजेचा दिवा होल्डरमध्ये दाबून किंचित फिरविला की त्याच्या दोन कानपिना खाचांत अडकतात, हे आपण नित्य पाहतो. तीच युक्ती येथे लहान मापात करावयाची. माथा पाव फेऱ्यातच बसतो आणि दर वेळी एकाच जागी थांबतो, त्यामुळे आकृती सरळ राहते. मात्र खालून दाब देणारी लहानशी कमान हवी. तिच्यावाचून सांधा सैल पडून माथा आपोआप फिरेल.

तिसरा प्रकार सरकविण्याचा. बैठकीत तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद अशी खाच कापतात आणि माथ्याचा तळ त्याच आकाराचा करून बाजूने आत सरकवितात. करावयास हा सांधा सोपा. पण सरकविण्याची दिशा बोटाच्या लांबीकडे असेल, तर हातमोजा किंवा बाही काढताना माथा निसटू शकतो. दिशा आडवी ठेवावी आणि अखेरीस अटकाव ठेवावा.

माप आणि मोकळीक

आता मापाकडे वळू. आतून १७ मिलिमीटर व्यासाचे वळे हवे असेल तर त्याचा आतला परीघ सुमारे ५३.४ मिलिमीटर होतो. परंतु तेवढ्याच लांबीची पट्टी कापली तर वळे लहान होईल, कारण पट्टीला जाडी असते. वाकविताना पट्टीची आतली बाजू आखडते व बाहेरची ताणली जाते. मधली रेषा तेवढी कायम राहते. म्हणून व्यासात जाडी मिळवून मग परीघ काढावा. पट्टी १.८ मिलिमीटर जाड असेल तर १८.८ चा परीघ, म्हणजे सुमारे ५९ मिलिमीटर लांबी घ्यावी. ही पट्टी ३ मिलिमीटर रुंद असल्यास ९२५ कसाच्या चांदीत वळ्याचे वजन सुमारे ३.३ ग्रॅम आणि २२ कॅरट सोन्यात सुमारे ५.६ ग्रॅम भरेल.

माथ्याचे वजनही पाहिले पाहिजे. १२ मिलिमीटर व्यासाची व ३ मिलिमीटर जाडीची भरीव पितळी चकती जवळजवळ २.९ ग्रॅम भरते. चांदीच्या वळ्यावर ती बसविली तर अंगठी वरून जड होऊन बोटावर सारखी कलंडेल. यास्तव माथा मागून पोकळ ठेवावा.

सर्वांत नाजूक प्रश्न मोकळिकीचा. छिद्र ४ मिलिमीटर व खुंटीही ४ मिलिमीटर असे लिहून भागत नाही, कारण कोणताही हात किंवा यंत्र तंतोतंत ४ मिलिमीटर देत नाही. म्हणून दोन्हींना मर्यादा घालून द्याव्या लागतात. दाबून फिरविण्याच्या सांध्यात छिद्र ४.०० ते ४.०२ आणि खुंटी ३.९६ ते ३.९८ मिलिमीटर ठेवली, असे समजू. सर्वांत लहान छिद्रात सर्वांत मोठी खुंटी घातली तरी ०.०२ मिलिमीटर मोकळीक राहील, आणि सर्वांत मोठ्या छिद्रात सर्वांत लहान खुंटी घातली तरी ती ०.०६ च्या पुढे जाणार नाही. या मर्यादेत केलेली कोणतीही जोडी जुळेल. तपासणीसाठी दोन टोकांची पोलादी सळई करून घ्यावी. तिचे एक टोक ४.०० चे, ते छिद्रात गेलेच पाहिजे, दुसरे ४.०२ पेक्षा किंचित मोठे, ते जाता कामा नये. कारखान्यातील यंत्रशाळेत ज्याने काम केले आहे, त्याला ही ‘गो–नोगो’ मापकाची रीत परिचित असेल.

झीज कोणी सोसावी?

माथा काढघाल केल्याने सांधा झिजणार हे उघड आहे. प्रश्न इतकाच की, झीज कोणत्या भागाने सोसावी. २२ कॅरट सोने मऊ असते. त्यात कापलेले आटे फार काळ टिकत नाहीत. वळे हा मौल्यवान आणि कायम राहावयाचा भाग असल्यामुळे त्याचे रक्षण आधी केले पाहिजे. यासाठी बैठकीत गंजरोधक पोलादाची लहान नळी बसवावी आणि झीज माथ्याच्या खुंटीकडे जाऊ द्यावी, कारण खुंटी बदलणे स्वस्त असते. ही नळी पुढे सुटी काढता येईल अशीच बसवावी. म्हणजे कधी मोड करण्याची वेळ आली तर सोन्याचे वजन निराळे करता येईल आणि व्यवहारात संशयास जागा राहणार नाही.

ओतीव माथा आणि कामाचा क्रम

कोंडागावच्या पद्धतीने ओतलेला पितळी माथा अशा वळ्यावर फार शोभतो. परंतु त्याची खुंटी किंवा छिद्र मेणातच घडवून ओतण्याचा मोह आवरला पाहिजे. निवताना धातू आकसतो, आणि तो सर्वत्र सारखाच आकसेल याची खात्री देता येत नाही. म्हणून माथ्याच्या तळाशी फक्त जाडसर जागा सोडावी आणि खुंटी लेथवर निराळी कातून मग डाक देऊन जोडावी. याप्रमाणे नक्षी ओतकामाची राहते व सांधा मापाचा राहतो. कारागिराच्या स्वातंत्र्यास त्यामुळे कोठेही बाध येत नाही.

कामाचा क्रमही सांभाळावा. टाकणखार लावून आधी सर्व डाक देऊन घ्यावेत. ज्या डाकाला अधिक उष्णता लागते तो प्रथम, कमी उष्णतेचा नंतर. त्यानंतर कानस व झिलई, आणि खडा अगदी शेवटी. मोती व पोवळे यांना उष्णता मुळीच सोसत नाही. माथा दुरुस्तीसाठी निराळा करता येतो, हा या अंगठीचा एक जादा फायदा होय.

येथे एक सूचना आवर्जून केली पाहिजे. भिलाईसारख्या गावात ज्यांचा दिवस यंत्रांजवळ जातो, त्यांनी माथा काढून केवळ वळे घालणेही सुरक्षित समजू नये. फिरत्या यंत्रात अंगठी अडकली तर बोट गमावण्याची वेळ येते. कामावर जाताना संपूर्ण अंगठी घरी ठेवावी.

मापाचा कागद

भिलाईत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या सणावारांच्या आवडी वेगळ्या, दागिन्यांची नक्षी वेगळी. एका वळ्यावर कधी मराठी पद्धतीचा मोत्यांचा माथा, कधी बस्तरचा ओतीव मोर, तर कधी साधी चकती बसविता आली, तर सुनेची आवड आणि सासूची आठवण या दोहोंपैकी एकीचाही बळी द्यावा लागणार नाही.

मात्र त्यासाठी एक अट आहे. ज्या सोनाराने अंगठी घडविली तो पुढे भेटेलच असे नाही. म्हणून सांध्यासाठी शक्य तो प्रचलित व सर्वत्र मिळणारे माप निवडावे. एखाद्या पेढीने स्वतःपुरते ठरविलेले गुप्त माप घेतल्यास गिऱ्हाईक कायमचे तिच्याशी बांधले जाते. तसेच सांध्याचा प्रकार, छिद्राचा व्यास, खोली आणि दोन्ही मर्यादा एका कागदावर लिहून तो कागद अंगठीच्या डबीत ठेवावा. वीस वर्षांनी तो कागद हाती घेऊन कोणताही कुशल कारागीर नवा माथा घडवू शकेल आणि जुने वळे मुशीत जाण्यापासून वाचेल.