रक्ताचा कर्करोग आणि साधना : उपचारांच्या दिवसांत श्रद्धा कशी सांभाळावी



आपल्या सत्संगात किंवा आपल्याच घरी कोणाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा मन सुन्न होते. मग हळूहळू दोन प्रश्न उभे राहतात. ‘हे माझ्याच वाट्याला का आले?’ आणि ‘आता माझ्या पूजेचे, व्रतांचे काय?’ या दोन प्रश्नांवर आज शांतपणे विचार करूया.

आजार थोडक्यात समजून घेऊ

आपले रक्त हाडांच्या आतील मज्जेत तयार होते. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे रक्ताच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार आहेत. तीव्र ल्युकेमियामध्ये मज्जेत अपक्व पेशींची बेसुमार वाढ होते आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. लाल पेशी कमी झाल्या की थकवा येतो, प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होतो आणि चांगल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतूही जिवावर बेततो.

केमोथेरपी रोगट पेशींना मारते, पण त्याबरोबर काही काळ चांगल्या पेशीही खाली येतात. हे दिवस सर्वांत जपण्याचे असतात. श्रद्धेची परीक्षाही याच दिवसांत होते.

‘माझे काय चुकले?’

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. जमा-खर्चाचा ताळा जुळवण्याची मनाला सवय आहे. म्हणून आजारी माणसाच्या तोंडून ‘माझ्याच पापाचे फळ’ असे ऐकते, तेव्हा वाटते की हा ताळा आपल्याला मांडताच येणार नाही. काही महिन्यांच्या बाळालाही ल्युकेमिया होतो. बहुतेक रुग्णांमध्ये निश्चित कारण वैद्यकशास्त्रालाही सांगता येत नाही.

श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला आणि 16 ऑगस्ट 1886 रोजी त्यांनी देह ठेवला. त्या आजारात डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करीत होते. श्रीरमण महर्षींच्या डाव्या हाताला सार्कोमा झाला. 1949 या एका वर्षात त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या आणि 14 एप्रिल 1950 रोजी ते गेले. हे आजार रक्ताचे नव्हते, पण त्यांतून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. आजार हा अपुऱ्या भक्तीचा पुरावा नाही. आणि थोरांनीही वैद्याला दूर लोटले नाही.

तेव्हा कर्मसिद्धांताचा उपयोग दुसऱ्याला दोष देण्यासाठी करू नये. आज माझ्या हातात कोणते कर्म आहे, एवढेच त्याला विचारावे.

पूजेचे रूप बदलते, भाव तोच राहतो

पांढऱ्या पेशी कमी असताना डॉक्टर गर्दीत जाऊ नका म्हणतात. कच्चे, उघड्यावरचे खाऊ नका, खोलीत फुले-रोपे ठेवू नका म्हणतात. म्हणजे देवळातील दर्शन, तीर्थ, पंचामृत, न शिजवलेला प्रसाद, हार, उदबत्तीचा धूर, सगळेच काही काळ दूर ठेवावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांना हे टोचते. पण आपल्या परंपरेने मानसपूजा सांगितलीच आहे. तिला ना फूल लागते, ना तीर्थ. जप बोटांच्या पेरांवर करता येतो, माळ हवीच असे नाही.

माझ्या काकू इंदूरला असतात. त्यांच्या उपचारांच्या काळात घरात खरा वाद झाला तो एकादशीवरून. पंचवीस वर्षांचा नेम कसा मोडायचा? डॉक्टर म्हणाले, उपाशी राहायचे नाही. काकू दोन दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मऊ खिचडी नैवेद्य समजून खाईन. आणि दिवसभर कोणावर चिडणार नाही, हाच माझा उपवास.” हा उपवास आधीच्यापेक्षा अवघड होता, असे त्याच सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही, असे सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. उपचार चालू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा. नामस्मरण रिक्षातही होते. तसेच कोणी प्रेमाने दिलेला काढा किंवा चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

बरे वाटल्यावरचा नेम

तपासणीत रोगट पेशी दिसेनाशा झाल्या की डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणतात. घरात पेढे वाटले जातात, नवस फेडला जातो. आनंद जरूर करावा, पण उपचार तिथे संपत नाहीत. न दिसणाऱ्या थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियामध्ये अनेकांना वर्षानुवर्षे रोज गोळी घ्यावी लागते. ‘देवाने बरे केले’ म्हणून ती मध्येच सोडणे धोक्याचे आहे. संध्याकाळचा दिवा जसा न चुकता लावतो, तशीच ती गोळी वेळेवर घ्यावी. तोही नित्यनेमच आहे.

सत्संगाने काय करावे?

भेटीला गर्दी करू नका. त्याऐवजी रक्तपेढीत जा. दान केलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून दाते पुन्हा पुन्हा लागतात. पाच-सात निरोगी साधकांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या, तर एका कुटुंबाची रात्रीची धावाधाव वाचते. मज्जा प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून इतरांनीही दाता म्हणून नोंदणी करण्याला मोल आहे. परगावाहून आलेल्यांना छत्र हवे असते. मुंबईत टाटा रुग्णालयात येणारी कितीतरी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. अशा ठिकाणी केलेली सेवा थेट रुग्णापर्यंत पोहोचते.

शेवटी एक कठीण गोष्ट. पूर्ण उपचार आणि पूर्ण श्रद्धा असूनही काही जण आपल्यातून जातात. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे चुकूनही म्हणू नका. श्रद्धा बरे होण्याची हमी देत नाही. जो दिवस समोर येईल तो एकटेपणाने काढावा लागू नये, एवढे बळ ती देते. काकूंच्या तपासण्या अजून चालू आहेत. दर वेळी अहवाल येईपर्यंत घर धास्तावलेले असते, आणि दर वेळी त्या पेरांवर जप करीत बसतात.

मनन करण्यासाठी

1. माझ्या साधनेतील कोणता भाग बाह्य उपचार आहे आणि कोणता भाग अंथरुणावरूनही करता येईल?
2. आजारी माणसाला मी सल्ला देतो, की त्याचे ऐकतो?
3. या महिन्यात रक्तपेढीत जाण्यासाठी मी कोणता दिवस ठरवतो?