वळीव, वीज आणि नदीचा पूर : शेतावर राबणारांनी घ्यावयाची दक्षता

शेतकऱ्याचे कामाचे ठिकाण म्हणजे उघडे रान. गिरणीतील कामगारास छपराचा व कचेरीतील कारकुनास भिंतींचा आसरा असतो. आमच्या बांधवांस मात्र मेघ गर्जू लागले असता काम टाकून निघावे की उरकून निघावे, हे स्वतःच ठरवावे लागते. या निर्णयास झालेला उशीर अनेकदा प्राणांवर बेततो. म्हणून या पाठात आम्ही वादळ व पूर यांची पूर्वसूचना कोणती, ती किती वेळ आधी मिळते आणि तेवढ्या वेळात काय करावे, याचा विचार करणार आहो.

उदाहरणार्थ शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे गाव घेऊ. ते भीमेच्या काठी असून नदीपलीकडे दौंड तालुका आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरीही येथे संकट दोन वाटांनी येते : एक आभाळातून, दुसरे नदीतून. दोहोंची चाल निराळी आहे.

आभाळाचे संकट

वैशाखातील वळीव व आश्विनातील परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. तापलेली दमट हवा वर चढून ढगांचे डोंगर उभे राहतात व त्यांत वीज साठते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ ते २०२२ या काळात भारतात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने दगावली.

विजेचा प्रकाश तत्काळ दिसतो, परंतु तिचा आवाज एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. चमक दिसल्यापासून अंक मोजावेत. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून तेव्हाच काम सोडावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्याखेरीज रानात परतू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे साधनही भ्रमणध्वनीवर विजेची आगाऊ सूचना देते.

आसरा पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा घ्यावा. एकाकी झाड, तारेचे कुंपण, विजेचा खांब, नदीकाठची मोटार आणि भिंती नसलेली पत्र्याची शेड यांपासून दूर राहावे. वीज झाडावर पडली तरी तिचा प्रवाह जमिनीतून चहूकडे पसरतो. जनावराचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असल्याने हा प्रवाह त्याच्या शरीरातून सहज जातो. म्हणून बैल झाडाखाली बांधू नयेत. माणूस उघड्यावर सापडल्यास त्याने दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्यास निःशंक स्पर्श करावा. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नदीचे संकट

नदीचा पूर गावात पाऊस नसतानाही येतो. भीमेचे स्वतःचे पाणी चासकमान धरणातून येते. भामा व इंद्रायणी तिला वरच मिळतात. आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना यांचे पाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत उतरते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला की वडगावास ऊन असता पात्र भरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठाही अशाच वरून आलेल्या पाण्याने बुडाल्या.

मात्र पाणी वाटेत काही तास घेते. हे तास शेतकऱ्याच्या हातचे आहेत. जलसंपदा विभाग धरणांतून व पुण्याच्या बंडगार्डनपाशी वाहणारा विसर्ग जाहीर करतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे अठ्ठावीस लिटर. विसर्ग वाढल्याचे कळताच दिवसाउजेडी वीजपुरवठा बंद करून मोटार व स्टार्टर वर काढावे, जनावरे उंचवट्यावर न्यावीत आणि पाण्याबाहेर नेता न आल्यास त्यांची दावी सोडावीत. पाणी चढू लागल्यावर रात्री मोटारीसाठी काठावर उतरणे म्हणजे वाहून जाण्याचा व विजेच्या धक्क्याचा, असा दुहेरी धोका पत्करणे होय.

नदीला फुगवटा आला की ओढ्याचे पाणी तुंबून मागे सरते आणि वस्तीची वाट तुटते. म्हणून आधी परतीची वाट पाहावी, मग काम. पुलावरून पाणी वाहत असता ट्रॅक्टर घालू नये.

दोन्ही संकटे एकत्रही येतात. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने १४ ऑक्टोबर २०२० रोजी पुणे व सोलापूर जिल्ह्यांत हाहाकार केला. दौंड, इंदापूर, बारामती भागांत ओढे व नद्या एकदमच धावल्या. मे २०२५ मध्ये तर पावसाळ्याआधीच बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला. तेव्हा केवळ पंचांगातील नक्षत्रांवर विसंबून चालणार नाही.

पूर ओसरल्यावर

उसात साचलेले पाणी चर काढून लवकर बाहेर काढावे, कारण पाण्याखाली मुळांस हवा मिळत नाही. वाफसा येईपर्यंत शेतात अवजार घालू नये. आडवा झालेला ऊस उभा करून मातीची भर द्यावी. धुपून गेलेल्या नत्राचा हप्ता वाफशानंतरच द्यावा. भिजलेली मोटार जाणत्या कारागिराने तपासल्याखेरीज सुरू करू नये. तुटलेल्या तारेस हात न लावता वीजमंडळास कळवावे.

मोटार पुन्हा मिळते, पीक पुढील हंगामी येते. घरचा कर्ता गेला तर संसार उघडा पडतो. ज्या घरी रानात जाणारे माणूस आहे, तेथे हा पाठ मोठ्याने वाचून दाखवावा आणि परतण्याची खूण कोणती, हे पावसापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावे, अशी वाचकांस आमची आग्रहाची सूचना आहे.